डबा चालतो, पण दिसतं का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या घरातली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू कोणती, असं कुणी विचारलं असतं, तर मी टीव्हीखालच्या काळ्या डब्याकडे बोट दाखवलं असतं. सेट-टॉप बॉक्स हे त्याचं नाव. ‘टॉप’ म्हणजे संचाच्या डोक्यावर बसणारा. पुढे संच चपटे झाले, डोक्यावर जागाच उरली नाही आणि डबा मुकाट्यानं खाली येऊन बसला. नाव मात्र तेच राहिलं.

आमच्याकडे तो आला २०१३ साली. केबलचं प्रसारण डिजिटल करण्याचा कायदा झाला, मुंबईसह चार महानगरांना ३१ ऑक्टोबर २०१२ ची मुदत मिळाली आणि आमच्या पुण्यासह ३८ शहरांना ३१ मार्च २०१३ ची. तोपर्यंत केबलची वायर थेट टीव्हीच्या पाठीत खुपसली की चित्र दिसायचं. आता चित्र सांकेतिक रूपात येऊ लागलं आणि ते उलगडायला डबा लागू लागला. केबलवाल्यानं आणून दिला, आम्ही लावला, विसरून गेलो.

इतक्या वर्षांत तो म्हातारा झाला, हे मला कळत होतं. बटण दाबल्यावर दोन-तीन मिनिटं विचार करायचा. उन्हाळ्यात गरम होऊन मध्येच गोठायचा. मग आमच्यातलं कुणीतरी उठून स्विच बंद-चालू करायचं. ‘बाबा, आता बदला तो,’ असं मुलगा म्हणाला की माझं उत्तर ठरलेलं असे, ‘चालतोय ना? मग कशाला?’ आमच्या पिढीला या वाक्याचा फार अभिमान. चालणारी वस्तू टाकायची नाही, हा संस्कार वाईट नाहीच. पण या वाक्यानं माझी जी फजिती झाली, ती आज सांगायची आहे.

एका दिवाळीत मुलानं नवा टीव्ही आणला. त्रेचाळीस इंची, एचडी. जुना डबा मी तसाच ठेवला. माझी आई आमच्याकडेच असते. वय ब्याऐंशी. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही तिचा, हा आमच्या घरातला अलिखित कायदा. नवा टीव्ही आला आणि काही दिवसांनी आईची खुर्ची पुढे सरकली. मग आणखी पुढे. मग एके दिवशी पाहिलं तर ती खुर्चीवर नव्हतीच. आतल्या खोलीत पलंगावर पडून ती मालिका नुसती ऐकत होती.

‘आई, बघत का नाहीस?’

‘नको रे. डोळ्यांवर पुन्हा पडदा आलाय वाटतं. माणसांचे चेहरे लिंपल्यासारखे दिसतात. आता ऐकू येतंय तेवढं पुरे.’

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नीट तपासलं. डोळे उत्तम आहेत, चष्म्याचा नंबरही तोच आहे, म्हणाले. आईला ते पटलं नाही. डॉक्टर आपली समजूत घालताहेत, असंच तिच्या मनानं घेतलं. आणि खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. वय झालंय, चालायचंच, असं म्हणून मी गप्प बसलो.

असा दीड महिना गेला. मग नातीनं एका लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवर आणून टीव्हीला लावले. आई दारात उभी होती, टीव्हीपासून दहा-बारा फुटांवर. तिथूनच ती म्हणाली, ‘अगं, ही नथ तर माझ्या जावेची!’ पुढच्या फोटोत तिनं मांडवावरच्या पाटीवरची नावंही वाचून दाखवली. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. डोळे ठीक होते. टीव्हीही ठीक होता. मग पडदा आला होता कुणावर?

आला होता माझ्या त्या चालणाऱ्या डब्यावर. त्याचं गणित अगदी साधं आहे. साध्या प्रसारणाचं चित्र आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके मिळून बनतं. म्हणजे ४,१४,७२० ठिपके. पूर्ण एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपक्यांची जागा असते. बरोबर पाचपट. जुना डबा एक वाटी पीठ देतो आणि त्याची पाच वाट्यांची पोळी लाटायची असते. उरलेले चार ठिपके टीव्ही अंदाजानं भरतो. जुन्या एकवीस इंची संचावर हे कधी जाणवलं नाही. मोठ्या पडद्यानं ते उघडं पाडलं. आमचे डोळे ते चालवून घेत होते, आईचे घेत नव्हते. आणि दोष कुणाचा, तर ती स्वतःलाच देत होती.

मग डबा बदलायचं ठरलं. छतावर तबकडी बसवून दुसऱ्या कंपनीकडे जावं का, हाही विचार केला. पण एका कंपनीचा डबा दुसरीकडे चालत नाही, कारण प्रत्येकाचं कुलूप वेगळं. डबे सर्वांकडे चालावेत अशी शिफारस दूरसंचार नियामकानं, म्हणजे ट्रायनं, एप्रिल २०२० मध्ये केली होती. मात्र तिच्या भरवशावर खरेदी करू नका. शिवाय कंपनी बदलली की वाहिन्यांचे क्रमांक बदलतात, आणि ते आईला पाढ्यांसारखे पाठ. म्हणून जुन्याच केबलवाल्याकडून एचडी डबा घेतला.

तो बसवायला आलेल्या मुलानं पाच मिनिटांत काम उरकलं. ‘झालं काका,’ म्हणून तो गेलाही. चित्र पाहिलं, तर जसंच्या तसं! मागे वाकून बघितलं. त्यानं नवा डबा जुन्याच पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरनं जोडला होता. त्यातली पांढरी आणि लाल वायर आवाजाची, पिवळी चित्राची. पण पिवळीतून साधंच चित्र जातं, एचडी जात नाही. त्यासाठी एचडीएमआय नावाची चपट्या तोंडाची वायर लागते. ती खोक्यात तशीच पडून होती. मी ती लावली. डब्याच्या सेटिंगमध्ये १०८० निवडलं आणि वाहिनीची एचडी आवृत्ती लावली. या तीन गोष्टी एकत्र झाल्या, तेव्हा कुठे आईची खुर्ची मागे सरकली.

आता उत्साहाच्या भरात मी वाईजवळच्या गावी राहणाऱ्या ताईला फोन केला. ‘ताई, तुझा डबा जुना झालाय, एचडी घे.’ ताईकडे दूरदर्शनची मोफत सेवा आहे, फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं ती सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही. ताई हसली. म्हणाली, ‘अरे, माझा टीव्ही अजून ढेरीवाला आहे. तू म्हणतोस त्या वायरीचं भोकच नाही त्याला. आणि माझा डबा बिघडला नव्हता, त्याचा अ‍ॅडॅप्टर गेला होता. तालुक्याच्या दुकानातून नवा आणला, आता बरा आहे.’ मी निमूट फोन ठेवला.

ताई बरोबर होती. डबा सारखा बंद पडत असेल, तर आधी भिंतीतला अ‍ॅडॅप्टर बघावा. त्यावर ‘१२ व्होल्ट, १ अँपिअर’ असं काहीतरी छापलेलं असतं. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. वायरीचं टोक गंजलंय का, तेही पाहावं. छतावरच्या तबकडीचं चित्र मुसळधार पावसात जातं, ते लहरी पाण्यात अडतात म्हणून. कितीही महागडा डबा आणला, तरी त्याला इलाज नाही.

ताईच्या बाबतीत नवा डबा घ्यायला एकच कारण आहे. फ्री डिशवर काही वाहिन्या एमपेग-२ या जुन्या पद्धतीनं येतात, काही एमपेग-४ या नव्या पद्धतीनं. नव्या पद्धतीत तेवढ्याच जागेत जास्त वाहिन्या मावतात, पण जुन्या डब्याला ती भाषा कळत नाही. हवी असलेली वाहिनी त्यात असेल, तर डबा बदलावा. ताईला हव्या त्या वाहिन्या दिसतात. मग ‘चालतोय ना, कशाला?’ हे वाक्य तिच्या घरी अगदी योग्य आहे.

थोडक्यात, डब्याच्या वयावरून निर्णय करू नये. आधी टीव्ही कोणता, ते बघा. मग आपल्या रोजच्या वाहिन्यांना एचडी आवृत्ती आहे का, ते बघा. फेब्रुवारी २०१९ पासून आपण निवडू त्या वाहिनीचे पैसे अशी पद्धत आली आणि एचडीचे दर बहुधा जास्त असतात. तेव्हा डब्याच्या किमतीत हा दरमहाचा खर्च मिळवा. जुन्या डब्यात कार्यक्रम मुद्रित करून ठेवले असतील, तर ते सहसा त्याच डब्यात उघडतात, हे विसरू नका. डबा भाड्याचा असेल तर परत करून पावती घ्या. स्वतःचा असेल तर घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या.

आणि सगळ्यात आधी, घरात टीव्ही जास्त कोण बघतं, त्याला विचारा. ‘चालतोय का?’ असं नका विचारू, ‘दिसतं का?’ असं विचारा. मी दीड महिना ते विचारलं नाही.

हल्ली आई सात वाजता आपल्या जुन्या जागी बसते. नव्या रिमोटची बटणं वेगळी आहेत, म्हणून नातीनं पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत चार एचडी क्रमांक लिहून दिले आहेत. परवा मालिका बघता बघता ती म्हणाली, ‘या सासूबाईंच्या पदराला इस्त्री नाही.’ इतका आनंद मला टीव्हीनं बऱ्याच वर्षांत दिला नव्हता.