न्यायमूर्ती सुजाता मनोहर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी एखाद्या कर्तबगार स्त्रीविषयी कोणीतरी बोलावे, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्याविषयी आपण पुष्कळ ऐकले. या खेपेस मी न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्याविषयी चार शब्द बोलणार आहे. मी सातवी शिकलेली बाई. कायद्याची भाषा मला जड जाते. वाचनालयातून आणून वाचले, अडले तेथे लेकीला विचारले आणि जेवढे उमजले तेवढेच सांगते.

सुजाताबाईंचा जन्म १९३४ सालचा. त्यांचे वडील कांतीलाल देसाई पुढे गुजरात हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले. बाई मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकल्या, मग विलायतेस ऑक्सफर्डला गेल्या, बॅरिस्टर झाल्या आणि १९५८ पासून मुंबई हायकोर्टात वकिली करू लागल्या. घरातच कायदा, मग त्यांना काय अवघड, असे कोणी म्हणेल. तेही थोडे खरे आहे. पण आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, तरी बायकांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा यायला १९२३ साल उजाडावे लागले! दार उघडले म्हणून आत बसायला पाट कोणी मांडून ठेवलेला नसतो.

मुंबई हायकोर्ट १८६२ साली स्थापन झाले. तेथे न्यायासनावर पहिली स्त्री बसली ती १९७८ साली, सुजाताबाई. म्हणजे एकशे सोळा वर्षे गेली. १९९४ साली त्या त्याच कोर्टाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या, त्याच वर्षी केरळच्याही झाल्या आणि नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टात गेल्या. तेथे त्या दुसऱ्या स्त्री न्यायाधीश. पहिल्या फातिमा बीवी, १९८९ सालच्या.

आता ज्या निकालासाठी मी हा विषय घेतला, त्याकडे येते. राजस्थानात भटेरी गावी भंवरीदेवी नावाची साथिन, म्हणजे सरकारच्या महिला योजनेतली गावपातळीवरची कार्यकर्ती होती. एका तान्ह्या मुलीचे लग्न थांबवण्याची खटपट तिने केली, म्हणून १९९२ साली तिच्यावर अत्याचार झाला. ती काम करीत होती म्हणून तिच्यावर हे ओढवले. मग कामावरच्या बाईला संरक्षण कोणते, असा प्रश्न घेऊन काही संस्था सुप्रीम कोर्टात गेल्या. त्यातील एकीच्या नावावरून तो 'विशाखा' खटला. तीन न्यायाधीशांपुढे तो चालला. मुख्य न्यायमूर्ती वर्मा, न्यायमूर्ती किरपाल आणि आपल्या सुजाताबाई. निकाल लागला १३ ऑगस्ट १९९७ रोजी.

कोर्टाने पाहिले की, यासाठी निराळा कायदाच नाही. कायदा करणे संसदेचे काम. पण समानतेने वागवले जाण्याचा, कोणताही धंदा करण्याचा आणि मानाने जगण्याचा हक्क घटनेने दिला आहे. कामावर जायची भीती वाटली, तर हे हक्क कागदावरच राहतात. म्हणून संसद कायदा करीपर्यंत आमचेच नियम पाळा, असे कोर्टाने बजावले. सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा देशातल्या सर्व कोर्टांवर बंधनकारक, हे घटनेचे १४१ वे कलम. संसदेला कायदा करायला पुढे सोळा वर्षे लागली, तो २०१३ साली झाला. भंवरीदेवींच्या स्वतःच्या खटल्यात मात्र खालच्या कोर्टाने १९९५ सालीच अत्याचाराच्या आरोपातून आरोपींना सोडले होते. तिच्यामुळे लाखो बायांना कायदा मिळाला, तिला नाही. हे वाचले तेव्हा मला त्या रात्री झोप लागली नाही.

१९९९ साली निवृत्त झाल्यावर सुजाताबाई मानवाधिकार आयोगाच्या सदस्या होत्या. प्राचार्य टोपे यांचा घटनेच्या कायद्यावरचा मोठा इंग्रजी ग्रंथ त्यांनी २०१० साली सुधारून दिला. विद्यार्थी तो अभ्यासतात.

आता आपल्यापुरते. या कायद्यात पोळ्यांना, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायाही येतात. आपल्यात अशा निम्म्या आहेत. दहापेक्षा कमी माणसे जेथे कामाला, तेथल्या बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. तिची अध्यक्ष बाईच असते. लिहिता येत नसेल, तर लिहून घ्यायला समितीने मदत करायची. तक्रार तीन महिन्यांत हवी. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात.

मुदतीचे मी मुद्दाम सांगते आहे. आपल्यातील एका भगिनीची लेक एका दुकानातली नोकरी सोडून घरी बसली आहे. का, ते तिने आईला सांगितले आणि दोघींच्या संमतीनेच मी येथे बोलते. नाव विचारू नका. त्या गोष्टीला पाच महिने होत आले. "आता काय उपयोग, लोक काय म्हणतील," असे आई म्हणते. लेक काहीच बोलत नाही. एक महिना उरला आहे. समितीचा पत्ता कलेक्टर कचेरीतून मी आणला असून तो आपल्या फळ्यावर लिहिला आहे. जायचे की नाही, हे त्या मुलीने ठरवायचे. ती निघाली तर मी बरोबर जाणार आहे. आणखी दोघी-तिघी असल्या तर बरे, म्हणून चहा झाल्यावर मी फळ्यापाशी थांबते.