संगणकाच्या दप्तरातील ओळख आणि अधिकार

शेतजमिनीचा उतारा हा कागद दिसावयास लहान. परंतु पीककर्ज, भावांची वाटणी, खरेदीखत, कोर्टातील दावा या सर्वांचा आधार तोच. बेळगाव जिल्ह्यात हा उतारा पूर्वी तलाठ्याच्या बस्त्यातून निघत असे. तलाठी गावात असला तर कागद मिळे, नसला तर खेपा पडत. आणि बस्त्यातील एखाद्या पानावर कोणी, केव्हा, काय खोडले हे पुष्कळदा त्या पानालाच ठाऊक असे. या शतकाच्या आरंभी कर्नाटक सरकारने ‘भूमी’ या नावाने ही दप्तरे संगणकावर आणली. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या दोन कोटी नोंदी तालुका कचेऱ्यांतील संगणकांत गेल्या आणि हाताने लिहिलेल्या उताऱ्याची कायदेशीर मान्यता संपली. निपाणी भागाचे दप्तर तेव्हा चिकोडी तालुक्यात मोडत होते. निपाणी हा स्वतंत्र तालुका झाला तो २०१८ साली.

या योजनेच्या रचनेतील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दप्तरात नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याला केवळ परवलीच्या शब्दावर, म्हणजे पासवर्डावर, आत सोडावयाचे नाही. त्याच्या बोटाचा ठसा जुळला पाहिजे, असे ठरविण्यात आले. पासवर्ड शेजाऱ्याला सांगता येतो, बोट उसने देता येत नाही. ज्याने फेरफार केला त्याचेच नाव त्या फेरफाराखाली राहावे आणि उद्या ‘हे मी केले नाही’ असे त्याला म्हणता येऊ नये, हा त्यातील हेतू होता.

अशा दप्तरासमोर रांग उभी आहे, अर्ज हातात आहे आणि पडद्यावर नकार उमटला आहे, हा प्रसंग कोणत्याही कचेरीत, बँकेत वा सोसायटीत येतो. खिडकीमागून बहुधा एकच उत्तर मिळते : ‘सर्व्हर बंद आहे.’ वस्तुतः सर्व्हर पुष्कळदा चालू असतो, आणि त्याने विचारपूर्वकच नकार दिलेला असतो. हा नकार दोन प्रकारचा आहे. ‘तू कोण आहेस हे मला पटले नाही’ हा पहिला. ‘तू कोण आहेस ते कळले, परंतु हे काम तुझे नव्हे’ हा दुसरा. पहिला नकार दारावरचा, दुसरा कपाटापाशी मिळणारा. दोहोंची औषधे निराळी. एकाचे दुसऱ्याला दिले तर रोग वाढतो.

प्रथम दारावरचा नकार पाहू. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्याचा क्रमांक १८४५६. नाव चुकले काय, पासवर्ड चुकला काय, किंवा बंद केलेल्या खात्यावर पासवर्डही चुकला काय, बाहेर उभ्या असलेल्या माणसाला संदेश एकच दिसतो. पुष्कळांना हा यंत्राचा मठ्ठपणा वाटतो. पण तो शहाणपणा आहे. ‘नाव बरोबर, पासवर्ड तेवढा चुकला’ असे चोराला सांगणे म्हणजे अर्धे कुलूप त्याच्या हाती देणे होय. खरे कारण सर्व्हर स्वतःच्या रोजनाम्यात लिहून ठेवतो. तेथे स्थिती ५ असेल तर त्या नावाचे खातेच नाही, ८ असेल तर पासवर्ड जुळला नाही, ७ असेल तर खातेच बंद आहे आणि वर पासवर्डही चुकला आहे. तेव्हा पडद्याकडे पाहून तर्क लढविण्यापेक्षा रोजनामा उघडणे हा पहिला उपाय.

मायएसक्यूएलची रीत थोडी वेगळी. त्याचा १०४५ क्रमांकाचा नकार शेवटी एवढे सांगतो की, पासवर्ड दिला होता की नाही. ‘नाही’ असे दिसले तर पासवर्ड चुकलेला नसून प्रोग्रॅमने तो पाठविलाच नाही, असे समजावे. शिवाय तेथे केवळ नावावर माणूस ओळखला जात नाही. नाव आणि तो कोणत्या यंत्रावरून आला हे मिळून एक ओळख होते. एकाच नावाचे पाटील संकेश्वरासही असतात आणि खानापुरासही. गाव विचारल्याखेरीज पोस्टमन पत्र टाकीत नाही. कचेरीतील मुख्य संगणकावरून चालणारे लॉगिन शेजारच्या खोलीतून चालत नाही, याचे कारण पुष्कळदा हेच. पोस्टग्रेस या तिसऱ्या डेटाबेसमध्ये कोणाला कोठून येऊ द्यावयाचे याची एक यादी असते. ती वरून खाली वाचली जाते आणि जी ओळ प्रथम लागू पडेल तीच अखेरची. खाली कितीही उदार नियम लिहिला, तरी वरच्या कडक नियमापुढे त्याची मात्रा चालत नाही.

दारावरच्या या नकाराची झळ केवळ कारकुनालाच लागते असे नाही. निपाणीच्या पंचक्रोशीत तंबाखू पिकतो आणि घरोघरी स्त्रिया विड्या वळतात. वर्षानुवर्षे वळून वळून बोटांच्या टोकांची कातडी झिजते, ठशाच्या रेषा पुसट होतात. अशा बाईने रेशनच्या दुकानातील यंत्रावर बोट ठेवले आणि ठसा जुळला नाही, तर यंत्राने एवढेच म्हटलेले असते की ओळख पटली नाही. तिचा धान्यावर अधिकार नाही असे त्याने म्हटलेले नाही. परंतु दुकानदार जर दोन्ही नकारांना एकच समजला, तर ती रिकामी पिशवी घेऊन परतते. प्रमाणीकरण फसले म्हणून पात्र माणसाला लाभ नाकारला जाऊ नये, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आधार-निकालात नोंदली गेली आहे. मोबाइलवर येणारा आकडा, डोळ्याच्या बुबुळाची प्रतिमा, असे दुसरे मार्ग त्यासाठीच ठेवावे लागतात.

आता कपाटापाशीचा नकार. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तो २२९ या क्रमांकाने येतो, आणि कोणत्या तक्त्यावर कोणते काम नाकारले हेही स्पष्ट सांगतो. वाचणे, नवी नोंद घालणे, जुनी बदलणे, पुसणे हे चार निरनिराळे अधिकार होत. उतारा छापून देणाऱ्याला वाचण्याचा अधिकार पुरतो. बदलण्याचा मिळाला नाही म्हणून त्याचे काही अडत नाही. पोस्टग्रेसमध्ये तक्त्याचा अधिकार असूनही तो तक्ता ज्या दालनात आहे तेथे शिरण्याची मुभा नसली, तर नकारच येतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका हाताने दिलेला अधिकार दुसऱ्या हाताने स्पष्ट मनाई करून रोखलेला असेल, तर मनाईच वरचढ ठरते. म्हणून संदेशातील तक्त्याचे नाव नीट वाचून, तेवढ्याच तक्त्यावर, तेवढ्याच कामाचा अधिकार द्यावा.

पण रांग वाढलेली असते, वरिष्ठ फोनवर असतात, आणि कोणीतरी सोपा उपाय सुचवितो : सर्वाधिकारी खात्याचा पासवर्डच सर्वांना देऊन टाका! नकार तत्क्षणी नाहीसा होतो. त्याबरोबर आणखीही एक गोष्ट नाहीशी होते. त्या दिवसापासून प्रत्येक नोंदीखाली एकच नाव लागते. उद्या एखाद्या विधवेच्या चार गुंठ्यांवर दिराचे नाव चढले, तर ते कोणी चढविले याचे उत्तर दप्तरात सापडत नाही. म्हणजे संगणक आणूनही गावकरी पुन्हा त्या खोडलेल्या पानापाशीच येऊन उभा राहतो.

एक नकार मात्र भल्याभल्यांना चकवितो. डेटाबेस एका सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर हलविला, नावे सगळी तीच, पासवर्ड तेच, तरीही कपाट उघडत नाही. सीमाभागाला हा प्रकार समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच जिल्ह्यातील चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. गावे तीच, माणसे तीच. परंतु काल ज्या कचेरीचा शिक्का चालत होता तो आज परका ठरला. डेटाबेसमध्येही माणसाचे नाव ही खरी ओळख नव्हे. नावामागे एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. नव्या सर्व्हरवर त्याच नावाचे खाते उघडले तरी त्याला क्रमांक नवा मिळतो. डेटाबेसच्या पोटात मात्र जुनाच नोंदलेला राहतो. अशा खात्याला ‘पोरके’ म्हणतात. पासवर्ड दहा वेळा बदलून येथे काही होत नाही; डेटाबेसमधील जुने नाव सर्व्हरवरील नव्या खात्याशी एका आज्ञेने पुन्हा जोडून द्यावे लागते. दिलेले अधिकार त्यात शाबूत राहतात.

बदली होऊन गेलेल्या कारकुनाचे खाते मात्र घाईने पुसून टाकू नये. ते बंद करावे. म्हणजे त्याला आत येता येत नाही, आणि त्याने केलेल्या जुन्या नोंदींखालचे त्याचे नाव जागच्या जागी राहते.