श्वासातला कोमल गांधार



‘दोस्ती’ (१९६४) या चित्रपटातील माउथ ऑर्गन राहुलदेव बर्मन यांनी वाजवला होता. ते सूर ऐकून वाढलेली मुले आज सत्तरीत आहेत. त्यांतलेच एखादे आजोबा मुलाकडे येलहंक्याला राहायला जातात आणि तेथे, या वयात, ब्लूज शिकायला घेतात.

वाद्य दहा छिद्रांचे. पेटीप्रमाणेच यातही धातूच्या पट्ट्या हवेने थरथरतात. प्रथम तीन छिद्रे एकदम वाजतात. एकच स्वर सुटा काढणे हीच पहिली परीक्षा. ब्लूजसाठी ‘सी’ पट्टीचे वाद्य बहुधा ‘जी’मध्ये वाजवतात, म्हणजे षड्ज श्वास आत ओढून मिळतो. तिसऱ्या छिद्रात शुद्ध गांधार आहे. कोमल गांधार वाद्यात मुळी नाहीच! जीभ मागे घेऊन, मुखातील पोकळी बदलून शुद्धालाच खाली उतरवावे लागते. पेटीवर मींड निघत नाही ही जुनी तक्रार; या चिमुकल्या वाद्यात ती निघते, पण आठवडेच्या आठवडे स्वर नुसता गुदमरतो.

शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेला नातू प्रत्येक चूक ऐकत असतो. पाढा चुकला की त्याच्यावर आजोबाच रागावत. हल्ली ते “पुन्हा म्हण” एवढेच म्हणतात आणि तिसऱ्या छिद्राकडे वळतात.