दानाचा फलक आणि कराची पावती

(जालना येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले. रोटरी, लायन्स म्हणजे खात्यापित्या मंडळींचा साप्ताहिक भोजनसमारंभ, अशी आपल्या चळवळीत एक सोयीची समजूत आहे. ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु तेवढ्याने विषय संपत नाही.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस हे वकील आपल्या तीन व्यवसायी मित्रांसह एकत्र बसले. पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत जमायचे, म्हणून नाव पडले रोटरी. त्याच वर्षी, १२ जूनला, पुण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. तिकडे संपन्न शहरातील एकाकी व्यावसायिकांना स्नेहाची गरज भासली होती. इकडे निर्वाहापुरते वेतन घेऊन सारे आयुष्य देणारी माणसे हवी होती. दोन्हीकडे शब्द एकच होता, सेवा. या शब्दाचे पुढे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. गोखल्यांचे अनुयायी ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने असा तिचा व्याप होता. गिरणी कामगारांत वावरता वावरता या सौम्य गृहस्थाला उमगले की मजुरी आणि कामाचे तास यांना हात घातल्याशिवाय दवाखान्याची रांग आखूड होणार नाही. १९२० साली आयटक स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांत ते होते.

रोटरी १९१९ मध्ये कलकत्त्यात आणि १९२९ मध्ये मुंबईत आली. लायन्सचा भारतातील पहिला क्लब १९५६ साली मुंबईत निघाला. आपला मराठवाडा त्या आधीच्या काळात कोठे होता? निजामी राजवटीत साध्या सभेलासुद्धा सरकारची पूर्वपरवानगी लागे. १७ सप्टेंबर १९४८ नंतरच येथे मोकळेपणाने संस्था काढण्याची सोय झाली. पुढे मोंढ्याची भरभराट झाली, १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको काढून बियाण्यांचा धंदा उभा केला, लोखंडाच्या रोलिंग मिल आल्या. आणि असे क्लब चालवू शकेल असा वर्ग जालन्यात तयार झाला. बारवाले हे हैदराबाद मुक्तिलढ्यातून आलेले गृहस्थ होते, हे येथे मुद्दाम सांगतो.

रोटरीचा मूळ नियम असा होता की एका व्यवसायाचा एकच सभासद, आणि तोही मालक, भागीदार किंवा व्यवस्थापक. म्हणजे मोंढ्यातला अडत्या त्यात बसे, त्याच मोंढ्यात पोती वाहणारा हमाल बसत नसे. स्त्रियाही दीर्घकाळ बसत नव्हत्या. कॅलिफोर्नियातील डुआर्टे येथील क्लबाने स्त्रियांना सभासद केले म्हणून १९७८ मध्ये त्यालाच बाहेर काढण्यात आले. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा कोठे १९८९ मध्ये नियम बदलला. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्याचे सेवासदन १९०९ सालीच सुरू झाले होते!

तरीही या मंडळींकडून घेण्याजोगे पुष्कळ आहे. बैठक ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. अध्यक्ष दर वर्षी १ जुलैला बदलतो. आपल्याकडे अध्यक्ष बदलण्यासाठी पक्ष फुटावा लागतो.

आणि पोलिओ. १९८५ मध्ये रोटरीने जगातून पोलिओ हटवण्याचा संकल्प सोडला. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. या यशात रोटरीचा पैसा आणि चिकाटी निर्विवाद आहे. परंतु दारोदार जाऊन ते दोन थेंब कोणी पाजले? अंगणवाडी सेविकेने, परिचारिकेने, पुढे आशाताईने. सार्वजनिक आरोग्ययंत्रणा पाठीशी नसती तर संकल्प कागदावर राहिला असता. क्लब यंत्रणेच्या शेजारी उभा राहिला, तिच्या जागी नव्हे. म्हणून हे साधले.

आता अर्थशास्त्राचा मुद्दा. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात खडी फोडणाऱ्या माणसांना अनेक सेवाभावी मंडळींनी अन्न पुरवले. त्यांचे ऋण नाकारण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. पण त्या दुष्काळातून निघालेली खरी गोष्ट म्हणजे रोजगार हमी. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला, १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. गंमत अशी की हा कर भरणारे डॉक्टर, वकील, व्यापारी हेच क्लबाचे सभासद होण्यास पात्र. त्याच खिशातून दान म्हणून शंभर रुपये गेले तर भिंतीवर नावाचा फलक लागतो आणि घेणाऱ्याने हात जोडायचे असतात. कर म्हणून गेले तर फलक लागत नाही. मात्र मजूर तहसिलीत जाऊन काम मागू शकतो, आणि न मिळाल्यास भत्ता मागू शकतो. दात्याला पुढच्या वर्षी दुसरे काही आवडू लागले, तर पहिल्या माणसाने कोणाकडे दाद मागावी?

घाणेवाडीचा तलाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. निजामी काळातला हा तलाव कैक वर्षे जालन्याची तहान भागवत आला. तो गाळाने भरत गेला, तेव्हा नागरिकांनी आणि उद्योजकांनी पुढाकार घेऊन गाळ काढला. शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतात नेला. उत्तम काम. परंतु ज्या तलावाचे पाणी पाजून नगरपालिका पाणीपट्टी वसूल करीत होती, त्याची देखभाल वर्गणीवर का यावी, हा प्रश्न आपण विचारायला हवा होता.

२०२३ साली जालन्याची महानगरपालिका झाली आहे. तिच्या अंदाजपत्रकात घाणेवाडीच्या गाळासाठी किती रक्कम धरली आहे, तो आकडा आपल्यापैकी दोघांनी पुढील बैठकीपर्यंत मिळवावा. आणि त्यासंबंधीच्या निवेदनावर सह्या घ्यायला रोटरी आणि लायन्सच्या सभासदांकडेही संकोच न करता जावे.