कुजवलेलं मत, मोजलेलं मत



राज्यशास्त्र शिकवणारे आपण आज गोंदियाजवळच्या कुडव्यात जमलो आहोत, म्हणून इथल्याच भागातल्या एका निवडणुकीपासून सुरुवात करतो.

1954 साली गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं. त्या वर्षी भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ द्विसदस्य, एक जागा राखीव, प्रत्येकाला दोन मतं. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सर्वसाधारण जागेवर त्यांच्याशी युती केलेले समाजवादी नेते अशोक मेहता. कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना गळ घातली असं सांगतात : आपल्या लोकांना एकच मत द्यायला सांगा, दुसरं कुजवू द्या. हिशेब चुकीचा नव्हता. राखीव जागा भरल्यावर दुसरी जागा उरलेल्यांत जास्त मतं मिळवणाऱ्या कोणालाही जायची. मेहतांची मतं घटली असती तर ती जागा बाबासाहेबांकडे येऊ शकली असती. त्यांनी साफ नकार दिला. मेहता निवडून आले, राखीव जागेवर बाबासाहेब आठेक हजारांनी हरले.

कुजवलेलं मत म्हणजे चोरून दिलेलं उणे मत. ते उघड करावं, मोजावं आणि त्याला वजन द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

27 सप्टेंबर 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय आला. मोजणी सुरू झाली, वजन मात्र शून्य. 2019 च्या विधानसभेत लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता. निकालावर ओरखडाही उठला नाही. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये स्थानिक निवडणुकांपुरतं ठरवलं, की नोटा अव्वल आला तर फेरनिवडणूक. पाऊल चांगलंच. पण नोटा सगळ्यांनाच नाकारतो, 'हा एक नको' म्हणायची सोय त्यात नाही.

ती सोय आपल्या बायाबापड्यांनी वापरली आहे. दारूबंदीच्या एका मतदानाला मी हजर होतो. मतपत्रिकेवर दोन चित्रं, दारू चालू ठेवायची तर उभी बाटली आणि बंद करायची तर आडवी बाटली. रोवणीच्या चिखलाचे पाय तसेच घेऊन एक म्हातारी आली, शिक्का हातात धरून कितीतरी वेळ ती आडव्या बाटलीकडे बघत राहिली. नियम असा, की गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत. म्हणजे जी घरी राहिली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला! वजन कसं ठरवलं यावर निकाल फिरतो, हे मी तिथे शिकलो.

म्हणूनच उणे मताला पूर्ण वजन देऊ नये. 1954 ला तसं असतं, तर बाबासाहेबांना मिळालेली लाखावर मतं जातीच्या रागाने एका दिवसात पुसली गेली असती. थोड्यांचा नेता बहुतांना नेहमीच खुपतो. लाटव्हियात मतदाराला उमेदवारांच्या यादीतलं नाव खोडता येतं, पण ज्या पक्षाला मत दिलं त्याच्याच यादीतलं. चेक गणिती कारेल यानेचेक यांच्या पद्धतीत आधी दोन अधिक मतं द्यावी लागतात, मगच एक उणे. नाकारण्याआधी कोणाला तरी स्वीकारावं लागतं, ही अट मला फार मोलाची वाटते.

माझा प्रस्ताव असा : दोन अधिक मतं दिल्यावरच एक उणे मत, आणि त्याचं वजन अर्धं. कायदा बदलण्याची वाट बघायला नको. आपल्या कार्यकारिणीची पुढची निवडणूक याच रीतीने घेऊ. मतपत्रिकेचा नमुना मी करून आणला आहे, दुपारच्या सत्राआधी तो तुमच्या हातात पडेल. अध्यक्षपदासाठी माझंही नाव त्यावर आहे, आणि नावापुढे उणे मताचा चौकोन आहे.