पिकवणारा आणि विकणारा



‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. आज तिचा क्रम उलटा झाला, असे आपण खेदाने म्हणतो. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला शेतकरी बापच तयार होत नाही. पदवी घेतलेला मुलगा स्पर्धा परीक्षेच्या निकालाची वाट पाहत पुण्यातल्या खोलीत तिशी गाठतो. पण या म्हणीतली दुसरी अडचण आपल्या लक्षात येत नाही. तिने शेती आणि व्यापार यांना दोन वेगळ्या पायऱ्यांवर बसवले. पिकवणारा एक, विकणारा दुसरा. कृषी-उद्योजक होऊ पाहणाऱ्या तरुणाला मात्र या दोन्ही पायऱ्यांवर एकाच वेळी उभे राहावे लागते. ते कसे साधेल, याचा आज विचार करू.

सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसराचे उदाहरण घ्या. तिथल्या बेदाण्याचे नाव देशभर आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ताजे द्राक्ष तोडल्यावर थांबत नाही. भाव पडला तरी विकावे लागते. बेदाणा मात्र शीतगृहात काही महिने थांबू शकतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवायचे, शेडमधल्या जाळीवर सावलीत साधारण पंधरा दिवस सुकवायचे, मग निवडून प्रतवारी करायची. चार किलो द्राक्षांपासून सुमारे एक किलो बेदाणा होतो.

आता हिशेब मांडू. समजा, द्राक्षाचा भाव किलोला २५ रुपये आहे. म्हणजे एक किलो बेदाण्यात १०० रुपयांची द्राक्षे गेली. शेडचे भाडे, मजुरी, निवडणी, खोकी, शीतगृह आणि कर्जाचे व्याज मिळून ४५ रुपये धरू. बेदाणा १४५ रुपयांना पडला. तो १६० रुपयांना विकला, तर १५ रुपये सुटले. १३० रुपयांना विकला, तर १५ रुपये खिशातून गेले. पण अनेक जण घरच्या द्राक्षांची किंमत धरतच नाहीत. त्यांना १३० रुपयांच्या विक्रीतही ८५ रुपये नफा दिसतो. प्रत्यक्षात ती द्राक्षे तशीच विकली असती, तर १०० रुपये हाती आले असते. घरची द्राक्षे, घरच्यांची मेहनत आणि शेडचा घसारा यांची किंमत लावल्याशिवाय उद्योग चालतो की बुडतो, हे कळत नाही. शिवाय सुकवणीच्या काळात एखादा अवकाळी पाऊस आला, तर बेदाण्याचा रंग जातो आणि रंगाबरोबर भावही. ‘प्रक्रिया केली की पैसा’ हे वाक्य म्हणून अर्धेच खरे आहे.

हिशेबानंतरची दुसरी गोष्ट म्हणजे भरवसा. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले. माल नाकारला गेला आणि बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. द्राक्षे दिसायला उत्तमच होती. पण ग्राहकाला डोळ्यांना दिसणाऱ्या गुणापलीकडची खात्री हवी होती. निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंदणी, फवारण्यांच्या नोंदी आणि प्रयोगशाळेतील तपासणी या गोष्टींचे महत्त्व त्यानंतर प्रत्येकाला पटले. हे फक्त परदेशासाठी नाही. शहरातल्या सोसायटीत भाजीची पिशवी पोचवणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वजनाचा, वर एक आणि खाली एक असे न करता भरलेला माल पोचला, तरच पुढच्या आठवड्याची मागणी येते. महाराष्ट्रात २०१६ साली फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला. थेट विक्रीची वाट त्यामुळे रुंद झाली. मात्र दलालाचे काम, म्हणजे गिऱ्हाईक शोधणे, उधारी वसूल करणे आणि उरलेल्या मालाची विल्हेवाट लावणे, तेही आपल्याच अंगावर आले, हे विसरता येत नाही.

एकट्याला हे सारे झेपत नाही. उत्पादक कंपनीची तरतूद कायद्यात २००२ साली झाली, ती याचसाठी. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातील मोहाडीची ‘सह्याद्री’ ही अशीच शेतकऱ्यांची कंपनी. कृषी अभियांत्रिकी शिकलेले विलास शिंदे यांनी शेतकऱ्यांना बरोबर घेऊन ती उभी केली. द्राक्षाच्या निर्यातीत जम बसल्यावर मग टोमॅटो, इतर फळे आणि प्रक्रिया असा पसारा वाढला. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नुसती कंपनी नोंदवून फलक लावलेले गट गावोगावी दिसतात. ज्यांनी आधी एका पिकाचे गिऱ्हाईक पक्के केले, तेच टिकतात.

जमीन नाही, त्यांनी काय करायचे? शेतकऱ्याला सेवा विकणे हाही कृषी-उद्योगच आहे. ट्रेमध्ये कोकोपीट भरून भाजीपाल्याची रोपे तयार करणारी रोपवाटिका थोड्या गुंठ्यांत चालते. टोमॅटोचे रोप साधारण महिन्याभरात लागवडीला येते. आगाऊ नोंदणी घेऊनच पेरणी केली, तर रोपे पडून राहत नाहीत. फवारणी, माती परीक्षण, अवजारे भाड्याने देणे ही कामेही आहेत. गावातल्या शिकलेल्या मुलींनाही ही कामे उत्तम जमतात.

भांडवलाचे काय? कृषी पदवीधरांसाठी २००२ साली कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना सुरू झाली. तिच्यात ४५ दिवसांचे प्रशिक्षण आणि कर्जाशी जोडलेल्या अनुदानाची सोय ठेवण्यात आली. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली आलेल्या केंद्राच्या योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये अनुदान ठरवण्यात आले. सध्या कोणती योजना चालू आहे, याची चौकशी तालुका कृषी कार्यालयात जरूर करा. पण अनुदान कर्जाशी जोडलेले असते आणि हप्ता आपल्यालाच फेडायचा असतो. अनुदान वजा करूनही जो धंदा कागदावर नफ्यात दिसतो, तोच सुरू करावा.

तरुण मित्रांनो, पहिल्याच वर्षी शेड बांधू नका. पिकातला चौथा हिस्सा बाजूला काढा, दुसऱ्याची शेड भाड्याने घ्या आणि एक हंगाम करून पाहा. एक वही ठेवा. कोणी माल घेतला, काय भावाने घेतला, पैसे किती दिवसांनी दिले, किती माल परत आला, हे रोज रात्री लिहा. हंगाम संपल्यावर ती वही घरातल्या सर्वांसमोर उघडा. शेतीत राहायचे की परीक्षेला बसायचे, हा निर्णय घेताना आई-वडिलांपुढे ठेवायला तुमच्याकडे तुमचे स्वतःचे आकडे असतील.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)