ठासणीच्या बंदुकीत दारू किती?

ठासणीची बंदूक हे नाव कोकण, गोवा आणि बेळगावच्या जंगलपट्टीत अजून परके झालेले नाही. रानडुकरांपासून पिकाचे रक्षण व्हावे म्हणून रीतसर परवाना काढून बाळगलेली अशी बंदूक तेथील कित्येक शेतकऱ्यांच्या घरी आढळते. नळीच्या तोंडातून दारू ओतावी, वर गोळी किंवा छर्रे सोडावेत, गजाने ठासावे, टोपी चढवावी आणि चाप ओढावा, असा तिचा क्रम. ह्या बंदुकीविषयी एक समजूत फार जुनी आहे : दारू जितकी अधिक, तितका बार चांगला. आवाज मोठा होतो, धूर पुष्कळ निघतो आणि खांद्याला सणसणीत धक्का बसतो. एवढ्यावरून ही समजूत पक्की होत असावी.

गुळगुळीत नळीच्या बंदुकीकडून अचूक नेमाची अपेक्षाच थोडी असते. त्यामुळे ह्या समजुतीने होणारे नुकसान सहसा ध्यानात येत नाही. परंतु नळीच्या आतून मळसूत्री खाचा पाडलेली ठासणीची रायफल घेतली, की ती समजूत तत्काळ उघडी पडते. अशा रायफलीची जोपासना विशेषेकरून अमेरिकेत झाली. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरच्या परिसरात जर्मन आणि स्विस कारागीर येऊन वसले. त्यांनी आपल्या मायदेशातील आखूड, जाड शिकारी रायफलीला हळूहळू लांबट व सडपातळ रूप दिले. नळी साडेतीन फूट किंवा त्याहूनही लांब, आतला व्यास अर्ध्या इंचाच्या आतबाहेर आणि चरबी लावलेल्या कापडाच्या चकतीत गुंडाळलेली शिशाची वाटोळी गोळी, असे तिचे स्वरूप होते. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते. खाचांची पकड घेते ते कापड, आणि त्याच्याबरोबर गोळी फिरते. ती स्वतःभोवती फिरत गेली म्हणजेच तिचा मार्ग सरळ राहतो.

सरहद्दीवरील शिकाऱ्याला दारू आणि शिसे दूरच्या दुकानातून विकत आणावे लागे. नेम चुकला तर दारू वाया जाई आणि घरची चूलही थंड राही. म्हणून मापाविषयी काही ठोकताळे रूढ झाले. तळहातावर गोळी ठेवावी आणि ती दिसेनाशी होईपर्यंत वर दारू ओतावी, हा एक. दुसरा अधिक चतुर : बर्फावर उभे राहून बार काढावा, पांढऱ्या बर्फावर न जळलेले काळे दाणे पडलेले दिसले, तर समजावे की माप जास्त झाले. पहिल्या ठोकत्याळ्यावर फार विसंबण्यात अर्थ नाही; दारूचा ढीग उंच होतो की पसरतो, हे ज्याच्या त्याच्या हातावर अवलंबून! पण निदान दुसऱ्यात तरी 'अधिक म्हणजे उत्तम नव्हे' ही जाण स्पष्ट आहे.

ह्या जाणिवेला मोजमापाचा आधार मिळाला तो इंग्लंडात. १७०७ साली बाथ येथे जन्मलेल्या बेंजामिन रॉबिन्स ह्या गणितज्ञाने १७४२ साली तोफविद्येवर एक लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला. जड लाकडी फळी लंबकाप्रमाणे टांगावी, तिच्यावर गोळी झाडावी, फळी किती मागे झुलली ते फितीने मोजावे आणि त्यावरून गोळीचा वेग काढावा, अशी त्याची युक्ती होती. वेग मोजता येऊ लागल्यावर आडाखे बाजूला पडले. दारू दुप्पट केल्याने तिची शक्ती दुप्पट झाली असे मानले, तरी वेग फार तर १.४ पट होतो. आणि प्रत्यक्षात तितकाही होत नाही. शिवाय गोळीचा वेग ध्वनीच्या वेगापलीकडे गेला की हवेचा अडथळा एकदम वाढतो, हेही रॉबिन्सला आढळले. म्हणजे जास्त दारू घालून मिळविलेला वेग वाटेतच बराचसा खर्ची पडतो. १७४७ साली त्याने मळसूत्री नळीच्या बंदुकांवर रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. पुढे हा विद्वान ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावला.

आजही ठासणीच्या रायफलीची नेमबाजी हा अमेरिकेत आवडीचा खेळ आहे. १९३३ साली स्थापन झालेली त्यांची राष्ट्रीय संस्था इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप ह्या गावी सामने भरविते. ह्या मंडळींची दारूचे माप शोधण्याची रीत मोठी मनोवेधक आहे. अर्ध्या इंचाच्या नळीला ते बहुधा ५० ग्रेनपासून आरंभ करतात. पंधरा ग्रेन म्हणजे जवळजवळ एक मासा. तेव्हा हे माप सव्वातीन माशांहून थोडे अधिक झाले. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची, ५० यार्डांवर कागद लावायचा आणि एकाच मापाने पाच गोळ्या झाडायच्या. मग माप ५ ग्रेनांनी वाढवायचे, नवा कागद लावायचा आणि पुन्हा पाच गोळ्या. नळी घडविणाऱ्याने जी कमाल मर्यादा सांगितली असेल, ती मात्र ओलांडायची नाही.

येथे पाहायचे ते गोळ्या मध्यबिंदूवर लागल्या की नाही हे नव्हे. पाचही छिद्रे एकमेकांच्या किती जवळ पडली, हे. नवशिका येथेच फसतो. गोळी डावीकडे गेली की तो लगेच माशी सरकवू लागतो आणि मग दारूने काय केले व माशीने काय केले, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. छिद्रांचा पुंजका घट्ट झाल्यावर तो मध्यावर आणणे हे शेवटचे आणि सोपे काम. माप वाढत जाते तसा पुंजका आवळत जातो, एका ठिकाणी अगदी लहान होतो आणि त्यापुढे पुन्हा फाकू लागतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे. एकदा पडलेला सुरेख पुंजका निव्वळ दैवयोगही असू शकतो. म्हणून तेच माप दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे लागते.

पण पाच बार खरोखर सारखे काढणे हेच कठीण. पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक अशी ही काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेषाच्या रूपाने उरतो. तो धुरातून बाहेर पडतो आणि नळीतही साचतो. कोरड्या हवेत तो खपलीसारखा कडक होतो, दमट हवेत मऊ राहतो. म्हणून प्रत्येक बारानंतर किंचित ओलसर फडक्याने नळी पुसायची आणि मग कोरड्याने. तेल लावून ठेवलेल्या नळीचा पहिला बार हिशेबात धरायचा नाही. दारू शिंगातून थेट नळीत कधीही ओतायची नाही, कारण आत एखादी ठिणगी धुमसत असली तर सबंध शिंग हातात फुटेल. ती आधी मापात घ्यायची. गोळी दारूवर नेमकी टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगण्याचा किंवा फाटण्याचा धोका असतो. त्याकरिता गजावर खूण केलेली असते. गज खुणेपर्यंत उतरला नाही, तर बार काढायचा नाही. आणि आधुनिक काडतुसांतील बिनधुराची दारू ह्या बंदुकीत चिमूटभरही घालावयाची नाही. त्या चुकीने माणसे डोळ्यांना आणि बोटांना मुकली आहेत.

बार काढल्यावर कापडाची चकती नळीपुढे काही पावलांवर पडते. अनुभवी नेमबाज कागदाकडे जाण्याआधी ती उचलतो. चकती शाबूत असून तिच्यावर खाचांच्या खुणा स्पष्ट असल्या, तर ठीक. मध्ये जळून भोक पडले असेल, तर दारू जास्त झाली किंवा कापड पातळ पडले. कडांशी चिरली असेल, तर खाचांची धार तीक्ष्ण आहे. पुष्कळदा दोष दारूचा नसतोच. घट्ट विणीचे जाड कापड घेतले की तेच माप सुधारते. तथापि कापड आणि दारू ही दोन्ही एकाच वेळी बदलली, तर सुधारणा कोणामुळे झाली हे कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

ह्याच शिस्तीचे थोर उदाहरण म्हणजे मँचेस्टरचा यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ. १८५४ साली इंग्रज सरकारने त्याला रायफलीच्या नळीचा अभ्यास करण्यास सांगितले. त्याने वाऱ्याचा उपद्रव टाळण्यासाठी ५०० यार्ड लांबीची बंदिस्त वीथी बांधविली. ती वादळाने पाडली. त्याने पुन्हा उभारली. गोळीचा मार्ग कळावा म्हणून तिच्यात पातळ कागदाचे पडदे टांगले. त्या वेळी सैन्यात एन्फिल्ड रायफल होती, म्हणजे जिच्या काडतुसांनी १८५७ साली हिंदुस्थानात वणवा पेटविला तीच. तिच्याइतकीच, सुमारे ७० ग्रेन दारू आणि ५३० ग्रेन वजनाची गोळी व्हिटवर्थने कायम ठेवली आणि नळी तेवढी बदलली. एन्फिल्डच्या खाचा ७८ इंचांत एक वेढा घेत. त्याने वेढा आवळत आवळत पाहिले आणि २० इंचांना एक हे प्रमाण पसंत केले. नळीचा व्यास कमी करून गोळी लांब केली. १८५७ साली हाइथ येथे झालेल्या चाचणीत ५०० यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्यांचे सरासरी विचलन सव्वादोन फूट भरले. व्हिटवर्थच्या गोळ्यांचे साडेचार इंचांच्या आसपास. दारू तितकीच, शिसे तितकेच! दारूचे योग्य माप एकट्या दारूवर ठरत नाही, ते त्या नळीचे आणि त्या गोळीचे असते, हे ह्याहून स्पष्ट कसे दिसावे? सैन्याने मात्र ती रायफल सर्वत्र घेतली नाही. ती महाग होती आणि तिची अरुंद नळी काजळीने लवकर चोंदत असे.

म्हणूनच शेजाऱ्याच्या रायफलीला मानवलेले माप आपल्या रायफलीला मानवेलच असे नाही, मग दोन्ही नळ्या एकाच कारखान्यातल्या का असेनात. जाणता नेमबाज वही ठेवतो. तीत दारूचे माप, दाण्याचा बारीकपणा, कापडाची जाडी, चरबीचा प्रकार, त्या दिवशीची हवा आणि पुंजक्याची रुंदी, सारे टिपलेले असते. दारूचा डबा संपून दुसरा फोडला, की तो त्या वहीचे नवे पान उघडतो, ठरलेल्या मापाच्या दहा ग्रेन खाली येतो आणि पाच गोळ्या मोजून ठेवतो.